खाडीतली चिकणमाती रिझर्व्हॉयरची वाट लावते की वाचवते? (डिझर्टेशनसाठी मदत हवी)

खाडीकाठची:

नमस्कार मंडळी, एमएस्सी जिऑलॉजी दुसरं वर्ष, डिझर्टेशनचा विषय परवाच फायनल झालाय आणि तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय म्हणून इथे विचारते. विषय असा की खाडीच्या गाळातली क्ले मिनरल्स आणि त्यांचा रिझर्व्हॉयर क्वालिटीवर, म्हणजे तेल-वायू साठवणारा खडक किती चांगला यावर, होणारा परिणाम.

आता बीएस्सीला आम्हाला शिकवलं होतं की सँडस्टोनमध्ये (वालुकाश्मात) क्ले आली म्हणजे छिद्रं बुजली, पर्मिएबिलिटी (द्रव वाहू देण्याची क्षमता) गेली, संपला विषय. पण वाचायला घेतलं तर जिथे तिथे क्लोराइट नावाच्या क्लेच्या कोटिंगचं, म्हणजे वाळूच्या कणावरच्या लेपाचं, कौतुक, म्हणे त्याच्यामुळे ४-५ किलोमीटर खोल सुद्धा वाळूत २० टक्क्यांच्या वर पोरॉसिटी (मोकळ्या छिद्रांचं प्रमाण) टिकून राहते. म्हणजे क्ले चांगली की वाईट? की काही क्ले चांगल्या आणि काही वाईट? आणि क्लोराइट पण शेवटी क्लेच ना, मग ते छिद्रं का नाही बुजवत?

दुसरं, सर म्हणतात इंग्लंडमध्ये रेव्हनग्लास नावाच्या खाडीवर जसं काम झालंय तसंच आपल्याकडच्या खाडीवर कर, नकाशा काढ, कुठे कुठली क्ले जास्त ते दाखव. माझं घर रत्नागिरीजवळ आहे त्यामुळे भाट्याची खाडी सोयीची, ओहोटीला चालत जाता येतं आणि मामाची होडी आहे. कॉलेजमध्ये एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखायचं यंत्र) आहे, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) बाहेरून करावं लागेल. सॅम्पल कुठून आणि कसे घेऊ, आणि मुळात मी जे करणार आहे त्याला काही अर्थ आहे का तेही सांगा, उगाच सहा महिने चिखलात घालवायचे नाहीयेत.

दगडधोंडे:

अर्थ आहे, पण आधी तो "चांगली की वाईट" प्रश्न बाजूला ठेव, तो तसा विचारला की उत्तर मिळतच नाही. क्ले किती टक्के आहे यापेक्षा तीन गोष्टी बघायच्या: कुठली आहे, कणाच्या संदर्भात कुठे बसलीय, आणि कधी आली. एकाच खडकात ५ टक्के क्ले एका ठिकाणी वरदान आणि दुसऱ्या ठिकाणी सत्यानाश असं असू शकतं.

वाळू गाडली जाते तशी आधी दाबाने पोरॉसिटी कमी होते, कण जवळ जवळ येतात. मग साधारण ७०-८० डिग्री तापमानापासून पुढे क्वार्ट्झ सिमेंट (कणांना जोडत छिद्रात वाढणारं नवं क्वार्ट्झ) वाढायला लागतं आणि शंभरच्या पुढे ते जोरात होतं. हे सिमेंट वाढतं कशावर तर क्वार्ट्झच्या कणाच्या मोकळ्या पृष्ठभागावर, कारण त्याला तिथे आयता साचा मिळतो. त्या पृष्ठभागावर आधीच क्लोराइटचा पातळ थर बसलेला असेल, काही मायक्रॉनचा, तर सिमेंटला पाय ठेवायला जागाच मिळत नाही. भांड्याला कल्हई असते ना तसं समज, जोवर अखंड आहे तोवर आत काही होत नाही, एखाद्या जागी उडाली की बरोबर तिथूनच कळकायला सुरुवात. क्लोराइट कोटचंही तेच, ९० टक्के झाकलंय आणि १० टक्के उघडं आहे तर त्या १० टक्क्यातून क्वार्ट्झ वाढून छिद्रात शिरतं. म्हणून पेपरात सगळे कव्हरेज कव्हरेज करत असतात, जाडीला तितकं महत्त्व नाही.

आणि अखंड कोटसाठी क्ले फार लागत नाही, खडकाच्या आकारमानाच्या थोडेसे टक्के पुरतात, बाकी छिद्र मोकळंच राहतं. नॉर्वेच्या समुद्रातला टिल्ये फॉर्मेशन, ज्युरासिक, भरती-ओहोटीच्या वातावरणातला, हे याचं नेहमीचं उदाहरण. अमेरिकेत लुइझियानातला टस्कलूसा सँडस्टोन दुसरं, तो तर ६ किलोमीटरच्या आसपास खोल असून चांगली पोरॉसिटी धरून आहे.

आता वाईट बाजू. इलाइट (दुसरी एक क्ले) जर छिद्रात केसांसारख्या तंतूंनी वाढलं तर पोरॉसिटी जवळजवळ तेवढीच दिसते पण पर्मिएबिलिटी दहा पट, कधी शंभर पट खाली येते, कारण प्रवाहाच्या वाटेतच जाळं. दक्षिण नॉर्थ सीमधले रोटलिगेंड सँडस्टोन त्यासाठी बदनाम आहेत. केओलिनाइट षटकोनी पत्र्यांच्या चवडी करून छिद्रात बसतं, स्वतः फार नुकसान करत नाही पण प्रवाह जोरात सुरू केला की सुटं होऊन छिद्राच्या तोंडाशी अडकतं. स्मेक्टाइट गोड्या पाण्याने फुगतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नुसता चिखल, कुठलीही क्ले असो, कणांच्या मध्ये ठासून भरलेली. तुझ्या बीएस्सीच्या सरांच्या डोक्यात हाच केस होता, ते चुकीचं नाही पण अर्धवट आहे.

वेळेचं बघ. खोल गेल्यावर साधारण ६० ते १२० डिग्रीच्या टप्प्यात स्मेक्टाइटचं हळूहळू इलाइट होतं, १२०-१४० डिग्रीच्या पुढे केओलिनाइट आणि पोटॅश फेल्स्पार मिळून इलाइट बनतं. म्हणजे खाडीत तू आज जे स्मेक्टाइट किंवा केओलिनाइट मोजशील ते खोल गेल्यावर त्याच नावाने राहणार नाही. पण त्याचं काय होणार हे ठरवायला आत्ता काय आहे ते माहीत पाहिजे, तुझ्या विषयाचा सगळा मुद्दा तोच आहे.

ॲबरडीनकर:

वरती दगडधोंडे यांनी बेस चांगला घातलाय, मी फक्त रेव्हनग्लासबद्दल लिहितो कारण तुमच्या सरांनी तेच नाव घेतलंय आणि "तसंच कर" हे सांगायला सोपं आहे.

जागा कंब्रियात आहे, लेक डिस्ट्रिक्टच्या पश्चिमेला, अर्ट, माइट आणि एस्क अशा तीन छोट्या नद्या एकत्र येऊन आयरिश समुद्राला मिळतात. गाव एवढंसं, एक रोमन स्नानगृहाचा पडका भाग आणि एक खेळण्यासारखी छोटी रेल्वे, बाकी चिखल. उधाणाच्या भरतीला पाणी ७ मीटरच्या वर चढतं उतरतं आणि ओहोटीला बहुतेक खाडी उघडी पडते, त्यामुळे चालत सॅम्पल घेता येतात. लिव्हरपूल युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने तिथे काम केलं, मुख्य पेपर २०१७ ते २०१९ च्या दरम्यानचे. त्यांनी ही जागा का निवडली तर मागचा डोंगर, एस्कडेलचा ग्रॅनाइट आणि बॉरोडेलचे जुने ज्वालामुखी खडक, यांतून क्लोराइट आणि इलाइट आयतंच येतं. म्हणजे जे शोधायचंय ते उगमातच आहे याची खात्री करून मग नकाशा काढला. ही गोष्ट वाचताना निसटते.

दुसरं म्हणजे त्यांना दिसलं की वाळूच्या कणावर क्लेचा लेप खाडीतच, गाडलं जायच्या आधीच बसतो, आणि तो चिकटवायचं काम करतात डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शेवाळं. ओहोटीला चिखलावर ऊन पडलं की वर सोनेरी तपकिरी साय दिसते बघा, तुमच्याकडे पण दिसेल, ते डायटमचं बायोफिल्म. हे जीव चिकट स्राव सोडतात आणि त्यात क्ले अडकून कणाला धरून बसते. पूर्वी लगवर्मसारख्या किड्यांनी वाळू गिळून बाहेर टाकल्याने कोट होतात असं जास्त मानायचे, प्रयोगशाळेत किडे पाळून तसे प्रयोगही झालेत, तेही पूर्ण खोटं नाही पण रेव्हनग्लासच्या नकाशात बायोफिल्मचा संबंध जास्त स्पष्ट निघाला.

आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त झाकलेले कण मडफ्लॅट आणि मिक्स्ड फ्लॅटवर (ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे आणि चिखल-वाळूचे सपाट पट्टे), म्हणजे जिथे मधली जागा चिखलाने भरलेलीच आहे, तो काही चांगला रिझर्व्हॉयर होणार नाही. बाहेर समुद्राच्या तोंडाशी वाळू एकदम स्वच्छ, लाटांनी घासून कोट शिल्लकच नाही, ती खोल गेली की क्वार्ट्झ सिमेंटने दगड होणार. कामाचा पट्टा या दोन्हींच्या मधला, सँडफ्लॅट आणि टायडल बारच्या (भरती-ओहोटीने साचलेल्या वाळूच्या उंचवट्यांच्या) कडा, जिथे कोट आहे पण चिखल थोडका. फ्रान्सच्या जिरोंद खाडीवर पण असं काम झालंय, तिथे गढूळ पाण्याचा जो पट्टा खाडीच्या मधल्या भागात मागेपुढे हलत राहतो त्याच्या आसपासच्या वाळूला लेप जास्त. दोन्हीकडे नकाशाचा आकार वेगळा, कारण भरती, नदी आणि खाडीची लांबी सगळंच वेगळं.

जाता जाता, रेव्हनग्लासच्या चिखलात सेलाफील्ड अणुप्रकल्पाचं सीझियम पण अडकलंय, प्रकल्प थोडा उत्तरेलाच आहे. इलाइट सीझियम घट्ट धरून ठेवतं. तेलवाले आणि किरणोत्सर्गवाले एकाच चिखलात हात घालून बसलेत.

मडलॉगर_भरूच:

मी अकॅडमिक नाही, गुजरातेत तेलाच्या विहिरींवर काम केलंय बरीच वर्षं, तर मला पेपरातलं नाही पण लॉगवर (विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या नोंदींवर) काय दिसतं ते सांगतो कारण या पोरीला पुढे नोकरी करायची असेल तर ते उपयोगी.

क्लोराइट कोट असलेल्या झोनची एक खोड असते. त्या कोटमध्ये अतिसूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यात पाणी धरून राहतं, ते हलत नाही, बाहेर येत नाही, पण वीज वाहून नेतं. मग रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) कमी दिसते आणि त्यावरून पाणी किती ते काढायचं नेहमीचं आर्चीचं समीकरण लावलं की उत्तर येतं पाणीच पाणी, आणि टेस्ट केली की तेल, पाण्याचा थेंब नाही. एका विहिरीवर आमच्या वरच्या साहेबांनी असा झोन लॉग बघून सरळ ओला म्हणून टाकून दिला, आम्ही शेजारच्या विहिरीतले कटिंग (ड्रिलिंगमध्ये वर येणारे खडकाचे तुकडे) दाखवले, हिरवट कण होते, शो (तेलाची खूण) होता, तरी ऐकलं नाही. पुढे काय झालं ते लिहीत नाही, कंपनीचं नावही नाही.

गॅमा रे (खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजणारा लॉग) वर पण फसवणूक होते. इलाइटमध्ये पोटॅशियम असतं म्हणून गॅमा वाढतो, पण क्लोराइट आणि केओलिनाइटमध्ये पोटॅशियम नाही त्यामुळे गॅमाला वाळू स्वच्छ वाटते. उलट न्यूट्रॉन लॉगला क्लोराइटमधला हायड्रॉक्सिल पाण्यासारखा दिसतो आणि तो पोरॉसिटी जास्त दाखवतो. म्हणून नुसत्या लॉगवर विसंबू नये, कोर (खडकाचा अखंड दंडगोल) किंवा निदान साइडवॉल कोर (विहिरीच्या भिंतीतून काढलेला तुकडा) पाहिजेच.

ॲसिडचं तर विचारू नका. क्लोराइट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळतं, लोखंड सुटतं, ॲसिड वापरून संपलं आणि पीएच वर गेला की तेच लोखंड जेलसारखं बाहेर पडून छिद्रं बंद. विहीर मोकळी करायला गेलो आणि बुच मारून आलो असा प्रकार. त्यासाठी सायट्रिक किंवा ॲसिटिक ॲसिड घालून लोखंड धरून ठेवावं लागतं. स्मेक्टाइटवाल्या झोनमध्ये ड्रिलिंगच्या मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात ते याच घराण्यातलं, फुगू नये म्हणून.

अजून एक, कोर लॅबमध्ये ओव्हनमध्ये वाळवला की इलाइटचे ते केस कोसळून कणाला चिकटतात आणि मग मोजलेली पर्मिएबिलिटी फुगलेली येते, जमिनीखाली तेवढी नसते. नॉर्थ सीमधल्या मॅग्नस फील्डच्या कोरवर हे दाखवलं गेलं होतं ८० च्या दशकातच. त्यामुळे कोणी आकडा फेकला की आधी विचारायचं, बाबा कोर वाळवला कसा.

खाडीकाठची:

बापरे, एवढं सगळं, खूप धन्यवाद सगळ्यांना. दगडधोंडे सर, कल्हईचं एकदम डोक्यात बसलं. मग मी भाट्यातून सँडफ्लॅट, मिक्स्ड फ्लॅट आणि मडफ्लॅट असे तीन पट्टे घेऊन नकाशा काढला तर चालेल ना? आणि क्लोराइट नाहीच सापडलं तर?

तेरेखोलकर:

नाहीच सापडणार, किंवा सापडलं तर नाममात्र. आणि हे मी चिडून नाही काळजीने लिहितोय, कारण दर दोन वर्षांनी कोणीतरी विद्यार्थी परदेशातला पेपर घेऊन कोकणातल्या खाडीत उतरतो आणि मागचा डोंगर बघतच नाही.

ताई, भाट्याला काजळी नदी येते, तिच्या मागे पूर्ण सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट आणि त्यावर जांभा. बेसॉल्ट कुजला की स्मेक्टाइट, जांभ्यातून केओलिनाइट, गोएथाइट, थोडं गिब्साइट. चिखलात हेच मिळणार. अख्ख्या पश्चिम किनाऱ्याच्या शेल्फवर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) मागचा डोंगर तशी क्ले असंच चित्र आहे, वर सौराष्ट्राकडे सिंधू नदीचं इलाइट आणि क्लोराइट, खंबातच्या आखातापासून गोव्यापर्यंत ट्रॅपचं (दख्खनच्या बेसॉल्टचं) स्मेक्टाइट, आणि गोव्याच्या खाली नाइस आणि जांभ्याचं केओलिनाइट वाढत जातं. हे जुनं आणि बऱ्यापैकी पक्कं आहे.

पण खरी अडचण क्लेची नाही, वाळूची आहे, आणि तिच्याबद्दल वर कोणीच बोललं नाही. कोटिंगची सगळी कथा कशावर उभी आहे? क्वार्ट्झच्या कणावर क्वार्ट्झ सिमेंट वाढू न देणं. आता तुमच्या भाट्याची किंवा काळबादेवीची वाळू भिंगाखाली घेऊन बघा. काळपट, लोहचुंबक फिरवला तर मिश्या फुटतात, इल्मेनाइट मॅग्नेटाइट भरपूर, बेसॉल्टचे तुकडे, प्लाजिओक्लेज, पायरॉक्सीन, आणि शिंपल्यांचा चुरा. क्वार्ट्झ असला तर ट्रॅपच्या पोकळ्यांतला थोडासा. ज्या वाळूत क्वार्ट्झच नाही तिथे कोट क्वार्ट्झ सिमेंट अडवतो म्हणणं म्हणजे ज्याच्या घरी दारच नाही त्याला कुलूप विकणं.

बेसॉल्टी वाळू गाडली की गोष्ट वेगळीच होते. बेसॉल्टचे कुजके तुकडे मऊ असतात, दाबाखाली ते कणांच्या मध्ये पिळले जातात आणि चिखलासारखेच वागतात. काचेचे आणि पायरॉक्सीनचे तुकडे गरम पाण्यात फुटून स्मेक्टाइट, झिओलाइट, कॅल्साइट देतात आणि ते छिद्रात भरतं. म्हणजे तुमच्या खाडीतली वाळू पुढे चांगला रिझर्व्हॉयर होण्याची शक्यता मुळातच कमी, लेप असो नसो. हे उत्तर पण डिझर्टेशन होऊ शकतं, पण मग प्रश्न तसा लिहायला हवा.

क्वार्ट्झवालीच हवी असेल तर दक्षिणेला या. सिंधुदुर्गात ग्रॅनाइट, नाइस, धारवाडचे रूपांतरित खडक आणि कलादगीचे क्वार्ट्झाइट उघडे पडलेत, देवबाग-तारकर्लीला कर्ली नदीच्या तोंडाशी वाळू पांढुरकी आहे ती उगाच नाही, आणि आमची तेरेखोलची खाडी पण बघण्यासारखी. वरच्या अंगाला तिथेही ट्रॅप आहे त्यामुळे चिखलात स्मेक्टाइट येईलच, पण वाळूत क्वार्ट्झ भरपूर. एकाच मोसमात एक ट्रॅपची खाडी आणि एक सिंधुदुर्गातली, दोन्हीचे तेच तेच पट्टे, एवढी तुलना केलीत तरी रेव्हनग्लासची नक्कल करण्यापेक्षा किती तरी मोलाची होईल.

ॲबरडीनकर:

वा तेरेखोलकर, वाळूचा मुद्दा मी सोडूनच दिला होता कारण इकडे सगळं क्वार्ट्झच असतं, डोक्यातच येत नाही. मी त्यात फक्त लोखंडाचं जोडतो. क्लोराइट आयतं आलं नसलं तरी लोहयुक्त क्ले खाडीत किंवा नदीच्या तोंडाशी नव्याने बनू शकते, उष्ण कटिबंधातल्या नदीमुखांसमोर ओडिनाइट नावाची हिरवी क्ले मिळते, पश्चिम किनाऱ्याच्या शेल्फवरूनही अशा हिरव्या कणांची नोंद आहे. हीच पुढे बर्थिएरिन (आणखी एक लोहयुक्त क्ले) आणि मग क्लोराइट होते. त्यासाठी लोखंड पाहिजे, ऑक्सिजन कमी पाहिजे, पण सल्फाइड पण कमी पाहिजे, कारण समुद्राच्या पाण्यातला सल्फेट बॅक्टेरिया खाऊन सल्फाइड करतात आणि ते लोखंड पकडून पायराइट करून टाकतं, क्लेला काही उरत नाही. खाडीत नदीचं पाणी मिसळून सल्फेट पातळ होतो आणि लोखंड नदी आणते, म्हणून क्लोराइट कोटवाले सँडस्टोन डेल्टा आणि खाडीच्या खडकात इतके भेटतात. जांभ्यामुळे तुमच्याकडे लोखंडाला तोटा नाही.

पण यावर लगेच उड्या मारू नका, गोएथाइट आणि हेमटाइटचे कण म्हणजे लोखंड आहे पण ते सहज सुटत नाही. गोव्याच्या मांडवी-झुवारीत खाणींचं लोहखनिज किती गेलं हे सगळ्यांना माहीत आहे, २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत बार्जेस भरभरून जायच्या, म्हणून तिथला गाळ हिरवा झाला असं काही नाही.

शंकेखोर:

सगळं ठीक, पण एक मूलभूत शंका. आजच्या खाडीचा वरचा एक सेंटिमीटर खरवडून ५ कोटी वर्षं जुन्या आणि ३ किलोमीटर खोल खडकाबद्दल बोलायचं हे मला नेहमी उंटावरून शेळ्या हाकणं वाटतं. डायजेनेसिसमध्ये (गाडल्यावर गाळाचा खडक होताना) सगळंच बदलतं, बाहेरून द्रव येतात, जातात, मग आजचा नकाशा काय उपयोगाचा? गुजरातच्या खंबात बेसिनमध्ये (तेलाच्या खोऱ्यात) तर तापमानाचा ग्रेडियंटही (खोलीबरोबर तापमान वाढायचा वेग) चढा आहे, तिथे तर सगळं लवकर शिजतं.

दगडधोंडे:

शंका रास्त आहे पण उत्तर आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियम खोल पाण्यात फार लांब प्रवास करत नाहीत, विरघळतातच कमी. त्यामुळे एखाद्या सँडस्टोनमध्ये प्रत्येक कणाभोवती लोहयुक्त क्लोराइट असेल तर तो माल बहुतेक तिथल्या तिथे, गाळ पडतानाच होता असं मानावं लागतं, कोणी नंतर बाहेरून आणून लेप लावून गेलं नाही. जुन्या खडकात क्लोराइट कणाला समांतर असा आतला जुना लेप आणि त्यावर उभी वाढलेली नवी पानं असे दोन थर एसईएममध्ये दिसतात, आतला खाडीतला, बाहेरचा खोलातला. आतला नसेल तर बाहेरचा सहसा उगवत नाही.

ग्रेडियंटचं बरोबर आहे, खंबातमध्ये तेच तापमान कमी खोलीवर गाठलं जातं, म्हणून स्मेक्टाइटचं इलाइट पण लवकर. पण हा पण विचार कर की त्याच बेसिनमध्ये दोन्ही टोकं आहेत. तळाला ओलपाड फॉर्मेशन, थेट ट्रॅपवर पडलेलं, ट्रॅपचाच चुरा, त्याची रिझर्व्हॉयर म्हणून अडचण अगदी तेरेखोलकरांनी सांगितली तीच, क्लेने भरलेलं आणि एका विहिरीतून दुसऱ्यात जाईस्तोवर बदलणारं. आणि वर इओसीनमधला अंकलेश्वर फॉर्मेशनचा हजाड मेंबर, डेल्टाची क्वार्ट्झवाली वाळू, ज्याच्या जिवावर १९६० मध्ये सापडलेलं अंकलेश्वर फील्ड चाललंय. बेसिन एकच, वाळूचं खानदान वेगळं. रत्नागिरी आणि देवबागची तुलना केलीस तर तीच गोष्ट तुला होडीतून बघायला मिळेल, असं मी तर म्हणेन.

मडलॉगर_भरूच:

ओलपाडचं नाव काढलं की अंगावर काटा येतो. कटिंग धुवायला बसलं की चाळणीत चॉकलेटी लापशी. एवढंच बोलतो.

चाळणी_नको:

मी एका लॅबमध्ये क्ले एक्सआरडीचं काम करते, सॅम्पलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. खाडीकाठची, हे नीट वाच कारण इथेच बहुतेकांची माती होते.

कोट बघायचे असतील तर ते सॅम्पल वेगळं घे आणि ते धुवायचं नाही, चाळायचं नाही, अल्ट्रासॉनिकमध्ये तर अजिबात टाकायचं नाही. लेप सुटून जातो आणि मग एसईएममध्ये गुळगुळीत कण बघून तू लिहिशील की कोट नाहीत. पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा ओहोटीला हळूच वाळूत दाबायचा, दोन्ही बाजूंनी बंद करायचा, सरळ उभा ठेवून आणायचा, कमी तापमानाला वाळवायचा आणि रेझिन भरून थिन सेक्शन (भिंगाखाली बघायची पातळ चकती) करायचं. वरची डायटमची साय वेगळी घ्यायची असेल तर ऊन चढायच्या आत नको, उघडं पडल्यावर थोडा वेळ थांब, तेव्हा ते जीव वर येतात आणि रंग स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात खाडीचं सगळं वेळापत्रक बदलतं, नदीचं गोडं पाणी तोंडापर्यंत येतं, म्हणून निदान एकदा पावसाआधी आणि एकदा नंतर जा, दोन्ही नकाशे सारखे नाही येणार.

एक्सआरडीसाठी दुसरा भाग. आधी मीठ काढ. खाडीचा गाळ थेट सिलिंडरमध्ये टाकलास तर मिठामुळे क्लेचे गोळे होऊन सगळं खाली बसतं आणि वर स्वच्छ पाणी, दोन मायक्रॉनखालचा भाग हातात येतच नाही. डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा धुवायचं, पाणी गढूळ राहायला लागलं की समजायचं मीठ गेलं. मग १० सेंटिमीटर खोलीवरून पिपेट करायचं तर २० डिग्रीला ८ तासांच्या आसपास थांबावं लागतं, आपल्याकडे लॅब गरम असते त्यामुळे थोडं कमी, तक्ता बघून ठरव.

प्रत्येक स्लाइडचे तीन स्कॅन, हवेत वाळवलेला, ग्लायकॉल दिलेला, ५५० डिग्रीला तापवलेला. स्मेक्टाइटचं पीक (आलेखावरचं टोक) ग्लायकॉलने १७ अँगस्ट्रॉमला सरकतं, इलाइट १० ला ढिम्म. गोंधळ होतो तो ७ च्या पीकवर. केओलिनाइटचं पण तिथे आणि क्लोराइटचं दुसरं पीक पण तिथेच, आणि लोखंड जास्त असलेल्या क्लोराइटचं १४ चं पीक लहान आणि ७ चं मोठं असतं म्हणून लोक त्याला केओलिनाइट म्हणून मोकळे होतात. बर्थिएरिनला तर १४ चं पीकच नाही. ५५० ला केओलिनाइटचं ७ चं पीक नाहीसं होतं, क्लोराइटचं १४ चं राहतं, उलट वाढतं. शिवाय ३.५८ आणि ३.५४ ही दोन पीकं हळू स्कॅन करून वेगळी करता येतात का बघ. तेरेखोलकर म्हणतात तसं जांभ्याचं केओलिनाइट भरपूर असणार, मग त्याच्या पोटात थोडं क्लोराइट लपलेलं असेल तर ते याच पायरीवर पकडायचं.

वाळूचा भाग पण मोजायचा हां, पॉइंट काउंट (भिंगाखाली एकेक कण ओळखून मोजणं), क्वार्ट्झ किती, बेसॉल्ट किती, शिंपले किती. क्लेचं एक्सआरडी करून वाळूकडे न बघणं हा तर वरच्या सगळ्या चर्चेचा अपमान.

खाडीकाठची:

आता चित्र स्पष्ट झालं. सरांशी बोलले, ते म्हणाले दोन खाड्या कर पण सॅम्पल प्रत्येकी कमी घे. भाटे ठेवतेय, दुसरी देवबाग की तेरेखोल ते ठरवायचंय, तेरेखोलकर, दोन्हीतली कुठली ओहोटीला चालत करता येईल?

तेरेखोलकर:

देवबागला होडी लागेल, प्रवाह ओढतो, संगमाच्या टोकाला एकटी जाऊ नकोस. तेरेखोलला आरोंद्याच्या बाजूने आत चिखलाचे आणि वाळूचे पट्टे सापडतील, पण उधाणाचे दिवस तिथीवरून बघून ये, अमावास्या पौर्णिमेच्या आसपास उघडी जमीन जास्त मिळते. रेव्हनग्लाससारखे ७ मीटर नाहीत आपल्याकडे, इथे दोन-अडीच मीटरमध्ये भागवावं लागतं, त्यामुळे पट्टे अरुंद असतात आणि पाच-दहा पावलांवर सॅम्पलचा स्वभाव बदलतो. जीपीएस नुसत्या मोबाइलचा चालणार नाही, खुणेच्या काठ्या रोव आणि टेप लावून अंतर घे.

चाळणी_नको:

आणि काठ्यांना नंबर घाल बाई, नाहीतर लॅबमध्ये पिशव्या उघडल्यावर रडशील.